सूप दाट आहे, पण त्यात आहे काय?



"डॉक्टर, त्यांना जेवण जात नाही, पण दिवसातून तीन वेळा चांगलं दाट सूप देतोय." आजारी वडिलांना किंवा आजीला घेऊन आलेले नातेवाईक हे नेहमी सांगतात. सांगताना चेहऱ्यावर समाधान असतं. वजनकाटा मात्र मागच्या महिन्यापेक्षा दोन किलो कमी दाखवत असतो. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर, वजन उतरवायचं म्हणून आलेलं कुणीतरी विचारतं, "रात्री जेवणाऐवजी नुसतं सूप घेतलं तर चालेल ना?"

म्हणजे एकाला ताकद यावी म्हणून सूप, आणि दुसऱ्याची चरबी जावी म्हणूनही सूपच. पदार्थ तोच, अपेक्षा अगदी उलट. दोघांपैकी कोणाचं बरोबर?

याचं उत्तर द्यायला आज मी आहाराचा तक्ता न देता थोडा इतिहास सांगणार आहे. कारण हा घोळ काही तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला नाही. दाट दिसणारी वाटी पौष्टिक असणारच, या समजुतीत गेल्या दोन-सव्वादोन शतकांत भलेभले शास्त्रज्ञ आणि नामांकित आचारी अडकले होते. घरच्या घरी मलईदार भाज्यांचं सूप कसं करायचं, तेही सांगणार आहे, पण शेवटी. आधीचं वाचल्याशिवाय त्या कृतीतली मूगडाळ कशासाठी, ते कळणार नाही.

चरकाची शिडी

सुरुवात घरापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, दुसऱ्याच अध्यायात, अठ्ठावीस प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. यवागू म्हणजे धान्य भरपूर पाण्यात शिजवून केलेली पेज. वमन किंवा विरेचन झाल्यावर रोग्याला एकदम जेवायला द्यायचं नाही, पायरीपायरीने वर न्यायचं, असा आयुर्वेदाचा क्रम आहे. आधी पेया, म्हणजे पातळ पेज. मग विलेपी, म्हणजे चमच्याला चिकटेल अशी दाट पेज. त्यानंतर मुगासारख्या कडधान्याचं यूष, आधी मीठ-तूप-मसाल्याशिवाय आणि मग ते घालून. त्यानंतर मांसरस, आणि मग नेहमीचं जेवण. पूर्ण शुद्धी झालेल्या माणसालाही साधारण सात दिवसांत ही शिडी चढून नेहमीच्या ताटावर आणायचं असतं.

शार्ङ्गधरसंहितेत तर मापं दिली आहेत. पेयेला तांदळाच्या चौदापट पाणी, विलेपीला चौपट. आता हे मापाचं गणित नीट बघा. पाणी कमी म्हणजे दाट, आणि दाट म्हणजे त्याच वाटीत जास्त तांदूळ. इथे दाटपणा खरा आहे, कारण तो धान्य वाढवल्यामुळे आलाय. शिवाय विलेपीच्या पुढची पायरी आणखी दाट पेज ही नाही, तर डाळ ही आहे. आपल्या घरांत मुगाचं कढण, हुलग्याचं माडगं, कुळथाचं कळण हे सगळं आजारपणातून उठणाऱ्या माणसासाठी होत आलं, ते याच वळणाचं. (गंमत म्हणून सांगतो. संस्कृतमधलं 'यूष' आणि लॅटिनमधला रश्श्यासाठीचा शब्द हे भाषेच्या नात्याने भाऊ आहेत, आणि त्या लॅटिन शब्दातूनच इंग्रजीतला 'ज्यूस' आला. म्हणजे आपण ज्यूस पितो तेव्हा नावापुरतं का होईना, यूषच पितो.)

पेयेवर कुणाला महिनाभर ठेवायचं नाही, ही यातली मुख्य गोष्ट. ती शिडी आहे, मुक्कामाची जागा नाही.

म्युनिकचा काउंट आणि पाण्याचं पोषण

आज आपण ज्याला सूप म्हणतो, म्हणजे भाज्या शिजवून, एकजीव करून, चमच्याने खायचा घट्टसर पदार्थ, तो आपल्याकडे युरोपातून आला. म्हणून आता तिकडे जाऊ. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये 'रेस्टोरंट' हे खाण्याच्या जागेचं नाव नव्हतं, ते एका रश्श्याचं नाव होतं. शक्ती परत आणणारा, असा त्याचा अर्थ. अशक्त लोकांनी बसून तो प्यावा म्हणून दुकानं निघाली आणि पुढे दुकानांनाच ते नाव चिकटलं. सूप म्हणजे ताकद, ही समजूत इतकी जुनी आहे.

या समजुतीला शास्त्राचा शिक्का मारला तो बेंजामिन थॉम्पसन याने. जन्म १७५३ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने गेला, देश सोडावा लागला, आणि फिरत फिरत बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या नोकरीत म्युनिकला पोहोचला. तिथे त्याला काउंट रम्फर्ड हा किताब मिळाला. उष्णतेवरचं त्याचं काम भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत आजही आहे. माणूस हुशार होता यात शंका नाही.

म्युनिकमध्ये तेव्हा भिकाऱ्यांचा सुळसुळाट होता. रम्फर्डने १ जानेवारी १७९० ला सैनिकांच्या मदतीने त्यांना गोळा केलं आणि एका कार्यशाळेत आणून कामाला लावलं. सैन्याचे कपडे शिवायचे, सूत कातायचं, आणि त्या बदल्यात जेवण. जेवण कमीत कमी खर्चात द्यायचं होतं. त्यासाठी त्याने एक सूप बसवलं: सोललेले जव, वाळलेले वाटाणे, बटाटे, मीठ, थोडं व्हिनेगर आणि शिळ्या पावाचे तुकडे. पाव कडकच हवा, असा त्याचा आग्रह, कारण तो चावावा लागतो आणि खाण्याचा आनंद लांबतो. हे निरीक्षण आजही कुठल्याही आहारतज्ज्ञाला पटेल.

बटाट्याचा किस्सा तर सांगायलाच हवा. तिथल्या लोकांना बटाटा तेव्हा नकोसा वाटे. मग रम्फर्डच्या आचाऱ्यांनी तो गुपचूप वेगळ्या खोलीत शिजवला, पार ओळखू येणार नाही इतका, आणि सूपमध्ये मिसळला. लोकांना सूप आवडलं. सत्य कळल्यावरही आवडतच राहिलं. मुलांच्या पोळीत दुधी किसून घालणाऱ्या आयांनो, तुमची युक्ती सव्वादोनशे वर्षं जुनी आहे!

पण खरी गोष्ट पुढे आहे. रम्फर्डच्या लक्षात आलं की थोडेसे जव संथ आचेवर तासन्‌तास उकळले की ढीगभर पाणी घट्ट होतं, आणि असं सूप खाल्लेल्या माणसाचं पोट, त्यातल्या कोरड्या शिध्याच्या मानाने, फारच चांगलं भरतं. इतक्या कमी धान्यात माणूस तृप्त कसा होतो? पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचं बनलेलं आहे, हा शोध तेव्हा अगदी ताजा होता. झाडं पाण्यावर वाढतात हेही दिसत होतं. रम्फर्डने या दोन गोष्टी जोडल्या आणि अंदाज बांधला की नीट शिजवलेल्या सूपमध्ये पाणी स्वतःच अन्न होत असावं.

आज आपल्याला हसू येतं. पाण्यात कॅलरी शून्य, प्रोटीन शून्य. उकळताना जवातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि पाण्याला धरून ठेवतात, एवढंच तिथे घडत होतं. पण तृप्तीचं त्याचं निरीक्षण खोटं नव्हतं. फक्त त्याने पोट भरणं आणि शरीर पोसणं या दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या. आणि हे सूप स्वस्त असल्यामुळे ही चूक सगळ्यांनाच सोयीची होती. रम्फर्ड सूपची स्वयंपाकघरं पुढे युरोपभर निघाली.

दोन गॅलन पाण्यात पाव पौंड मांस

त्या चुकीची खरी किंमत दिसली ती आयर्लंडमध्ये. १८४५ पासून तिथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरीब आयरिश माणूस जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत होता. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाच्या साथींनी गेली, आणि साधारण तेवढीच देश सोडून गेली.

लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये तेव्हा आलेक्सी सोयर नावाचा फ्रेंच आचारी होता, त्या काळातला सर्वांत प्रसिद्ध. त्याने गरिबांसाठी सूपची कृती वर्तमानपत्रात छापली, आणि सरकारने त्याला डब्लिनला बोलावलं. ५ एप्रिल १८४७ ला त्याचं आदर्श स्वयंपाकघर तिथे उघडलं. प्रचंड मोठा बॉयलर, लांब टेबलं, साखळीने बांधलेले चमचे, एक पंगत उठली की लगेच दुसरी. रोज हजारो लोक जेवत होते. उद्‌घाटनाला प्रतिष्ठित मंडळी हे दृश्य बघायला आली होती, आणि भुकेल्या माणसांचं असं प्रदर्शन मांडल्याबद्दल टीकाही झाली.

आपण जरा त्या भांड्यात डोकावू. सोयरच्या स्वस्त सूपची कृती अशी: दोन गॅलन, म्हणजे सुमारे ९ लिटर पाणी. त्यात पाव पौंड मांस (११३ ग्रॅम), दोन औंस चरबी (५७ ग्रॅम), अर्धा पौंड मैद्यासारखं पीठ आणि अर्धा पौंड जव (प्रत्येकी सुमारे २२५ ग्रॅम), दोन कांदे, थोड्या भाज्या, मीठ आणि चिमूटभर साखर. याचा भरपेट सूप आणि एक बिस्किट दिवसातून एकदा दिलं की धडधाकट माणसाची ताकद टिकते, असा सोयरचा दावा होता.

मी आजच्या तक्त्यांवरून हिशोब करून पाहिला. तुम्हीही करू शकता. सगळ्या जिनसांच्या मिळून साधारण २३०० ते २४०० कॅलरी होतात, आणि प्रोटीन सत्तर ग्रॅमच्या आतबाहेर. हे सगळं ९ लिटरमध्ये वाटलं. म्हणजे आपल्या घरातल्या २०० मिलीच्या वाटीत सुमारे ५० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रोटीन. माणसाने लिटरभर प्यायलं तरी अडीचशेच्या आसपास कॅलरी! पोट तुडुंब, आणि शरीराला मिळालं तीन पोळ्यांएवढं. पीठ आणि जव असल्यामुळे ते दिसायला मात्र छान दाट असणार.

'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याच वर्षी या सूपवर सडकून टीका केली. चव आणि दाटपणा म्हणजे पोषण नव्हे, हा त्यांचा मुद्दा. सोयरच्या बाजूने एक सांगायला हवं. १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी सूपकेंद्रांतून रोज तीस लाखांपर्यंत लोकांना काहीतरी गरम अन्न मिळत होतं, आणि संपूर्ण दुष्काळात सरकारने केलेल्या मदतीपैकी हीच सर्वांत उपयोगी पडली, असं बरेच इतिहासकार मानतात. ती त्याच शरद ऋतूत बंद केली गेली. उपाशी माणसाला पातळ सूपही नसण्यापेक्षा बरंच. पण ते पुरेसं आहे, असं प्रसिद्ध माणसाने छातीठोक सांगितलं, तिथे गडबड झाली.

हाच सोयर पुढे १८५५ मध्ये क्रिमियन युद्धाच्या वेळी सैनिकी इस्पितळांचा स्वयंपाक सुधारायला गेला आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलबरोबर काम केलं. तिथे त्याने खरोखर चांगलं काम केलं. नाइटिंगेलबाईंचं निरीक्षण मात्र त्याच्यापेक्षा धारदार होतं. नर्सिंगवरच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी 'बीफ टी', म्हणजे मांसाच्या पातळ अर्काबद्दल लिहिलंय. रोग्याला ताकद यावी म्हणून तो तेव्हा घरोघरी दिला जाई. त्यांनी सुचवलेला प्रयोग साधा होता: तो अर्क आटवा आणि तळाशी काय उरतं ते पाहा. अर्धा पाइंट पाण्यामागे जेमतेम चमचाभर ऐवज. प्रयोगशाळा नको, तक्ता नको. सूपबद्दल याहून चांगली परीक्षा मला तरी माहीत नाही.

मलई, मग कॉर्नफ्लोअर

आता श्रीमंतांच्या टेबलाकडे वळू, कारण तुमच्या डोक्यात जे 'क्रीम सूप' आहे ते तिथलं. फ्रेंच आचाऱ्यांनी दाट सूपच्या जाती ठरवल्या. भाजी किंवा डाळ शिजवून गाळणीतून दाबली की प्युरे. लोण्यात परतलेल्या मैद्यावर रस्सा घालून, शेवटी अंड्याचा बलक आणि साय घातली की व्हेलुते. दूध-मैद्याचा पांढरा सॉस आणि साय असली की क्रेम. बटाट्याच्या फ्रेंच सूपला पार्मांतिए या औषधनिर्मात्याचं नाव आहे. प्रशियाच्या कैदेत असताना त्याने बटाटे खाल्ले आणि सुटल्यावर फ्रान्सभर बटाट्याचा प्रचार केला. ही सूपं पौष्टिक होती, कारण त्यांतला दाटपणा दूध, लोणी, अंडी आणि डाळीचा होता. श्रीमंत माणूस तो नंतर चार पदार्थ खाण्याआधी घेत होता, हेही विसरू नका.

मग दाटपणा स्वस्त झाला. १८५४ मध्ये जॉन पोल्सनने मक्याच्या शुद्ध स्टार्चचं, म्हणजे कॉर्नफ्लोअरचं पेटंट घेतलं. ब्राउन अँड पोल्सनचा डबा आपल्याकडच्या फडताळांतही पिढ्यान्‌पिढ्या आहे. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअरने एक मोठा बाऊल सूप घट्ट, चकचकीत होतं. त्यातून मिळतात पस्तीसेक कॅलरी आणि प्रोटीन जवळजवळ शून्य. मैदा, साय, अंडं, डाळ या सगळ्यांचं रूप एका पांढऱ्या पावडरीने घेतलं. डोळ्याला आणि जिभेला फरक कळत नाही. पुढे घरोघरी मिक्सर आले आणि गाळणीतून दाबण्याचा तासाभराचा उद्योग दोन मिनिटांवर आला. तेव्हापासून मलईदार सूप कुणालाही जमतं.

आपल्या घरातलं नेहमीचं सूप आता सोयरच्या मापाने मोजू. पाव किलो भाज्या, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चार वाट्या सूप. एका वाटीत चाळीसेक कॅलरी आणि प्रोटीन एक ग्रॅमच्या आसपास. म्हणजे डब्लिनच्या लंगरातल्या सूपपेक्षाही खाली! तीन वाट्या दिल्या तर दिवसभरात सव्वाशे कॅलरी. ६० किलो वजनाच्या माणसाला आपल्या देशातल्या शिफारशीनुसार रोज ५० ग्रॅम प्रोटीन लागतं, तिथे तीन ग्रॅम गेलं. आता त्या वजनकाट्याचं कोडं सुटलं असेल.

गाजराचं सूप, ज्याने खरंच जीव वाचवले

सूपवर मी फारच टीका करतोय असं वाटत असेल, तर हा भाग वाचा. १९०० च्या सुमारास जर्मनीत जन्मलेल्या दर पाच बाळांपैकी सुमारे एक बाळ वर्षाच्या आत दगावत होतं. उन्हाळ्यातले जुलाब हे त्याचं एक मोठं कारण. एर्न्स्ट मोरो हे बालरोगतज्ज्ञ तेव्हा म्युनिकमध्ये होते. हो, रम्फर्डच्याच गावात. (बाळ दचकल्यावर हात पसरून मिटतं, त्या मोरो रिफ्लेक्सचे हेच मोरो.) १९०८ मध्ये त्यांनी जुलाब होणाऱ्या बाळांना दूध थांबवून गाजराचं सूप देण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती जर्मन घरांत रुजली.

आज तिकडे सांगितली जाणारी कृती अशी: अर्धा किलो गाजरं एक लिटर पाण्यात तास-दीड तास शिजवायची, पूर्ण बारीक करायची, पाणी घालून परत एक लिटर करायचं आणि ३ ग्रॅम मीठ घालायचं. यात कॅलरी फार नाहीत. मग ते का चाललं? कारण जुलाबात बाळ भुकेने आधी मरत नाही, पाणी आणि क्षार गेल्याने मरतं. या सूपमध्ये पाणी होतं, सोडियम होतं, गाजरातली साखर होती, आणि पोटॅशियम भरपूर. साखर असली की आतडं सोडियम आणि पाणी झपाट्याने ओढून घेतं, हे शास्त्रज्ञांना १९६० नंतर उमगलं. शिवाय गाजर खूप वेळ उकळल्याने त्यातल्या पेक्टिनचे छोटे तुकडे होतात आणि ते जंतूंना आतड्याच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असं पुढे प्रयोगशाळेत दिसलं.

१९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बोनगावला, डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. तेच आजचं ओआरएस. १९७८ मध्ये त्या शोधाची थोरवी गाणारा अग्रलेख कुणी लिहिला असेल? त्याच लॅन्सेटने, ज्याने सोयरच्या सूपला झोडपलं होतं.

म्हणून आज घरात जुलाब झाले तर गाजर किसत बसू नका, ओआरएसचं पाकीट आणा. त्यातली मापं अचूक असतात. बाळाचं अंगावरचं दूध तर अजिबात थांबवू नका, हे मत आता पूर्ण बदललं आहे. सोबत पेज, कढण द्या. पण मोरोंच्या कामात एक साधी शिस्त होती. सूप कशासाठी देतोय आणि कुठवर द्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आजार उतरला की बाळ परत दुधावर. चरकाची शिडीच ती.

पोटाला काय वाटतं

रम्फर्डला न सुटलेलं कोडं गेल्या काही वर्षांत सुटलं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला निरोगी माणसांना एकदा घन जेवण आणि ग्लासभर पाणी दिलं, आणि दुसऱ्यांदा तेच सगळं एकत्र वाटून सूप म्हणून दिलं. मग एमआरआय काढून पोटात बघितलं. जेवणावर प्यायलेलं पाणी पोटातून आधी निसटून जातं. सूपमध्ये ते पाणी अन्नात बांधलेलं असतं, त्यामुळे पोट जास्त वेळ फुगलेलं राहतं आणि भूक उशिरा लागते.

आता सुरुवातीचे दोघं आठवा. वजन कमी करणाऱ्याला हे वरदान आहे: जेवणाच्या आधी वाटीभर दाट सूप, मग नेहमीचं पण थोडं कमी जेवण. फक्त सूपवर रात्र काढू नये, कारण स्नायू झिजतात आणि अकरा वाजता फरसाणाचा डबा उघडतो. अशक्त पेशंटला मात्र तीच वाटी नुकसान करते. आधीच भूक चार घासांची, त्यात सूपने पोट भरलं की ते चार घासही गेले. त्यांना आधी वरणभात, अंडं, खिचडी जे जाईल ते द्या. सूप नंतर किंवा मधल्या वेळी, आणि तेही खालच्या कृतीसारखं.

आता कृती

पाव किलो लाल भोपळा, एक मध्यम गाजर, एक कांदा, दोन पाकळ्या लसूण आणि धुतलेली पाव वाटी (५० ग्रॅम) मूगडाळ घ्या. कुकरमध्येच दोन चमचे तुपावर कांदा-लसूण मऊ होईपर्यंत परता, लाल करू नका. मग बाकीचं घालून दोन-तीन मिनिटं परता, अडीच वाट्या पाणी घाला आणि तीन-चार शिट्ट्या काढा. पूर्ण निवू द्या. गरम सूप मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवलं तर वाफेने झाकण उडतं, आणि त्याने भाजलेले हात डॉक्टरांकडे येतात. अगदी मऊ वाटा, गाळू नका. परत पातेल्यात घेऊन एक वाटी दूध घाला आणि मंद आचेवर गरम करा. मिरपूड, किंचित जायफळ, मीठ अर्धा छोटा चमचा. टोमॅटो किंवा लिंबू यात नको, आंबटाने दूध फाटतं. आंबट हवंच असेल तर दुधाऐवजी थोडी जास्त डाळ घाला.

हे पाच वाट्या होतं. भोपळा, डाळ आणि दुधामुळे ते साय घातल्यासारखं मखमली लागतं, कॉर्नफ्लोअरची गरज पडत नाही. वाटीत सुमारे १०० कॅलरी आणि साडेचार ग्रॅम प्रोटीन. अशक्त माणसाच्या वाटीत दोन मोठे चमचे दूध पावडर आणि चमचाभर तूप आणखी मिसळा. कॅलरी दुपटीच्या वर जातात, प्रोटीन आठ ग्रॅमपर्यंत, आणि वाटी तेवढीच राहते. वजन कमी करणाऱ्यांनी तूप एकच चमचा घ्यावं, डाळ मात्र काढू नये.

तीन जणांनी थांबून विचारावं. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी पाकिटातल्या सूपवरचं सोडियम वाचावं, कारण दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्यांना पातळ पाण्यापेक्षा दाट सूप बरेचदा सुरक्षित असतं, पण किती दाट ते तपासून ठरवावं लागतं, अंदाजाने पाजू नये. आणि किडनीच्या पेशंटनी हे सूप आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांना आम्ही भाजी उकडून पाणी फेका म्हणतो, ते त्यातलं पोटॅशियम जावं म्हणून. सूपमध्ये नेमकं तेच पाणी आपण पितो. मोरोंच्या बाळाला जे हवं होतं, तेच इथे नको असतं.